कारखान्यावरून परतलेल्या मुलांना शाळा आपली वाटावी म्हणून तुम्ही काय करता?

बालाघाटची बाई

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आमच्या गावातली निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमाच्या, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या, गाड्या लागतात, दिवाळीपर्यंत वस्त्या ओस पडतात. माणसं परततात ती पट्टा पडल्यावर, साखर कारखान्याचा हंगाम संपल्यावर, म्हणजे मार्चअखेर नाहीतर एप्रिलात. काही मुलं आजी-आजोबांपाशी राहतात, काहींची हंगामी वसतिगृहात सोय होते. पण फडावर धाकट्याला सांभाळायला कोणी नाही म्हणून मुलींना नेलं जातं, आणि दहा-बारा वर्षांचा मुलगा वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, बांधायला हाताशी येतो म्हणून तोही जातो.

परत आलेल्या मुलाचा पहिला दिवस मला सगळ्यात अवघड वाटतो. मूल दारात येऊन थांबतं, आत येत नाही. त्याच्या जागेवर दुसरंच कोणी बसलेलं असतं. भिंतीवर सगळ्यांची चित्रं लागलेली असतात, त्यात त्याचं नसतं. वर्ग कुठल्या धड्यावर पोचलाय हे त्याला माहीत नसतं. त्या वेळी आपण काय बोलतो यावर ते जूनमध्ये पुन्हा येणार की नाही हे बरंचसं ठरतं, असं माझं मत झालं आहे. "इतके दिवस कुठं होतास?" हे तर विचारूच नये. ते कुठं होतं हे आपल्याला ठाऊक असतं, आणि जाणं-न जाणं त्याच्या हातात नव्हतं.

आम्ही शाळेत काय करतो ते सांगते. गेलेल्या मुलांची नावं आम्ही रोज पुकारतो. हजेरीपटावरची नोंद नियमाप्रमाणे जी व्हायची ती होते, पण नाव मोठ्यानं घेतलं जातं आणि वर्ग उत्तर देतो, "बारामतीकडं आहे", "कर्नाटकात आहे". वर्गात एक नकाशा लावलाय. कोण कुठल्या कारखान्यावर गेलंय तिथं त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवतो. त्यामुळं आमच्या चौथीच्या पोरांना कराड, शिरोळ, बेळगाव कुठं आलं हे पाठ न करता येतं. शनिवारी शाळा सुटायच्या आधी एखाद्या पालकाच्या फोनवर फोन लावतो. कधी लागतो, कधी नाही. लागला तर सगळा वर्ग एकदम बोलतो आणि पलीकडचं पोरगं नुसतं हसतं.

आणि ती परतली की पहिले काही दिवस मी त्यांना विचारते, शिकवत नाही. एका टनाला साधारण किती मोळ्या लागतात, बैलगाडीत किती माल बसतो, ट्रकचा काटा कसा होतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. ते सांगतात, मी फळ्यावर गणितं मांडते. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घेतली होती आणि किती फिटली, हे मात्र वर्गात कधीच विचारत नाही. ती घरातली गोष्ट आहे. त्या मुलानं ती चार लोकांत ऐकू नये.

योजना, निधी, वसतिगृहं यांवर इथं आधीही चर्चा झाल्या आहेत. या धाग्यावर मला अशा गोष्टी हव्या आहेत ज्या उद्या सकाळी एखादा शिक्षक, शिपाई, खिचडी करणाऱ्या ताई किंवा शेजारी बसणारा सोबती करू शकेल. ऊसतोडीशी संबंध नसला तरी लिहा. शाळेत कुणाच्या तरी साध्या वागण्यानं तुम्हाला किंवा तुमच्या लेकराला "मी इथला आहे" असं वाटलं असेल, तर ते नेमकं कसं घडलं ते सांगा.

फडातून चाकणला

बाई, तुमचं वाचून हात थांबला. मी त्यातलाच एक. तिसरीपासून आई-बापासोबत जात होतो. आता चाकणला कंपनीत आहे, पोरगी पहिलीला आहे.

एक मास्तर होते आमचे. मी परत आलो की वर्गात मला काहीच यायचं नाही. बाकीचे भागाकार करायचे, मी अजून हातच्याच्या वजाबाकीत. मास्तरांनी मला घंटेचं काम दिलं. कार्यालयातल्या घड्याळाकडं बघायचं आणि वेळ झाली की घंटा द्यायची. मी नसताना ते काम दुसऱ्याकडं असायचं, पण मी आलो की मास्तर म्हणायचे, "आला का? घे बाबा तुझी घंटा." घड्याळ वाचायला मी त्या घंटेपायी शिकलो. आणि घंटा माझ्याकडं म्हटल्यावर शाळेला दांडी मारता यायची नाही, कारण मी नाही गेलो तर मधली सुट्टीच होणार नाही असं मला खरंच वाटायचं.

लोक म्हणतात अशा पोरांना वह्या द्या, दप्तर द्या. द्याच, गरज असते. पण घेताना मान खाली जाते. घंटेच्या वेळी मान वर असायची.

पंचगंगाकाठचा मास्तर

मी दुसऱ्या टोकाला आहे. शिरोळ तालुक्यात शिकवतो. तुमच्याकडून निघालेली पोरं आमच्याकडं येतात. नोव्हेंबरात कारखान्याच्या माळावर ऊसतोडीवाल्यांच्या खोपी, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात आणि शाळेच्या दारात पाच-सहा नवी तोंडं दिसायला लागतात.

पहिली गोष्ट, दाखला मागू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणं दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश थांबवता येत नाही. पोरगं आलं की बसवून घ्यायचं, कागद मागनं बघू. सोबत मूळ शाळेनं दिलेलं शिक्षण हमी कार्ड असलं तर फारच सोपं. कुठल्या वर्गात होतं, काय झालंय, लगेच कळतं. पण नसलं तरी अडायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट भावंडांची. तिसरीतली पोरगी कडेवर वर्षा-दीड वर्षाचा भाऊ घेऊन येते. पूर्वी काही शाळांत "त्याला घरी ठेवून ये" असं म्हणून परत पाठवायचे. घरी म्हणजे कुठं? आई-बाप पहाटेच फडात गेलेले असतात. आम्ही एका कोपऱ्यात सतरंजी टाकली, चार खेळणी ठेवली. बाळ रडलं तर ती उठून बाहेर जाते आणि परत येते, विचारावं लागत नाही. एवढ्या एका गोष्टीनं त्या पोरी टिकतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तिसरी गोष्ट लई बारीक आहे, पण सांगतो. खोपीवर पाण्याची मारामार असते. पोरं धुळीनं भरलेली, केसांच्या जटा झालेल्या अशी येतात आणि गावातली पोरं लांब सरकतात. आम्ही नळापाशी आरसा, कंगवा, साबण आणि तेलाची बाटली ठेवली. सगळ्यांसाठी. आल्यावर सगळ्यांनीच तोंड धुवायचं, भांग पाडायचा, मग वर्गात. सरपंचाचा नातू पण तिथंच भांग पाडतो. कुणी कुणासाठी केलंय हे कळायचं काम नाही.

आणि त्यांना नावानं हाक मारायची. "ऊसवाल्यांची पोरं" हा शब्द आमच्या शाळेत चालत नाही. पहिल्याच दिवशी प्रत्येक नव्या पोराला गावातला एकेक सोबती नेमून देतो. सकाळी खोपीवर जाऊन नव्या पोराला घेऊन यायची जबाबदारी त्या सोबत्याची. पहिल्यांदा गावातल्या आयांनी कुरकुर केली. आता संक्रांतीला त्याच घरांतनं खोपीवर तिळगूळ जातो.

खिचडीवाल्या ताईंची लेक

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार शिजवायची. मानधन नावापुरतं, तेही उशिरा. पण तिला वर्गातल्या बाईंपेक्षा जास्त कळायचं की कुठल्या घरात काय चाललंय.

तिचं एक म्हणणं होतं, सोमवारी नीट बघावं. शनिवारी दुपारनंतर रविवार धरून शाळेचं जेवण नसतं. ज्याच्या घरी चूल नीट पेटली नाही ते मूल सोमवारी पहिल्या घासाला कळतं. प्रमाण ठरलेलं असतं, पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. पण रोज काही पोरं गैरहजर असतात, काही थोडंच खातात, त्यामुळं पातेल्यात उरतं. आई सोमवारी त्या दोन-तीन मुलांना पंगतीत सुरुवातीला बसवायची. म्हणजे ती आधी संपवतात, आणि दुसऱ्यांदा वाढायला ती निघाली की आपोआप त्यांच्यापासून सुरुवात होते. "अजून हवंय का?" असं तिनं त्यांना कधी विचारलं नाही. हवंय म्हणायला लाज वाटणारं पोरगं नको म्हणतं, असं ती म्हणायची. सरळ वाढायची आणि पुढं जायची.

शाळेत आता कुणी नवीन ताई आहेत. शिक्षकांना सांगायचं आहे की त्यांच्याशी बोला. मुलांबद्दलची बैठक असली की स्वयंपाकाच्या ताईंनाही बोलवा.

ठाण्याची आई

आमचं घर शहरात, शाळा खाजगी, पैशाची अडचण नाही. तरी लिहिते, कारण एकटेपणा सगळीकडे असतो.

माझा मुलगा बोलताना अडखळतो. दुसरीत असताना वर्गात तो अडला की शिक्षिका प्रेमानंच त्याचं वाक्य पुरं करायच्या. हेतू चांगला होता, पण हळूहळू त्यानं हात वर करणंच सोडलं. तिसरीत दुसऱ्या बाई आल्या. त्या काहीच करायच्या नाहीत, फक्त थांबायच्या. त्याच्याकडे बघत, चेहऱ्यावर घाई न आणता. कुणी मागून कुजबुजलं तर त्याला हातानंच थांबवायच्या. परिपाठात सुविचार सांगायची पाळी सगळ्यांना येते तशी त्याचीही यायची, त्याला वगळलं नाही. पाळीच्या आदल्या दिवशी त्याला एकट्याला विचारायच्या, "उद्या तू सांगतोस की सोबत कुणी हवं?" ठरवायचं त्यानं.

आजही तो अडखळतो. पण आता हात वर करतो.

सह्याद्रीचा वाचक

+१. कंगव्याची कल्पना उद्याच मुख्याध्यापकांच्या कानावर घालतो.

निवृत्त गुरुजी, सातारा

धागा वाचून समाधान वाटले. रयत शिक्षण संस्थेत माझी नोकरी झाली, त्यामुळे एक जुनी गोष्ट सांगण्याचा मोह होतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये संस्था काढली आणि पुढे साताऱ्यात वसतिगृह चालवले. सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. पैशाची तंगी आली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी आपले दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येकाला ठाऊक आहे. मला त्यात त्यागाइतकीच दुसरी गोष्ट मोठी वाटते. ती मुले कुणाच्या दारी माधुकरी मागायला गेली नाहीत. घरच्या माणसाने घरच्या लेकरांसाठी करावे तसे ते झाले, आणि पुढे "कमवा आणि शिका" मधून मुलेही आपल्या कष्टाने शिकू लागली. वर चाकणच्या मित्राने घंटेबद्दल लिहिले आहे, त्याचे मूळ याच विचारात आहे.

आता शिक्षकांना एक विनंती. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आपण वर्णनात्मक नोंदी लिहितो. बहुतेक ठिकाणी त्या छापील पुस्तिकेतून उतरवल्या जातात. "वर्गकार्यात सहभाग घेतो", "नीटनेटका राहतो", "वाचनाची आवड आहे". चाळीस मुलांना चार वाक्ये फिरवून. वेळ नसतो हे मी जाणतो. तरीही वर्षातून एकदा प्रत्येक मुलाबद्दल एक तरी वाक्य असे लिहा, जे दुसऱ्या कुणालाही लागू पडणार नाही. मी एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात लिहिले होते की, "पाखरांचे आवाज ओळखतो आणि लहान मुलांना दाखवतो." त्याचे वडील निरक्षर होते. त्यांनी ते वाक्य शेजाऱ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतले, असे त्यांनीच मला बाजारात भेटल्यावर सांगितले. प्रगतिपुस्तकात आपल्या मुलाबद्दल काही चांगले लिहिलेले असू शकते, हे त्यांना नवीन होते.

हक्काची भाषा

सगळ्यांच्या भावनांबद्दल आदर आहे, पण एक गोष्ट बोलायला हवी. हे सगळं एकेका चांगल्या माणसावर उभं आहे. बाईंची बदली झाली की नाव पुकारणं थांबणार. मास्तर निवृत्त झाले की घंटा दुसऱ्याकडं. मुलाला आपलं मोल जाणवावं हे कुणाच्या स्वभावावर का सोडायचं?

साताऱ्याचा विषय निघालाच आहे. ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. २०१७ पासून राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. बाबासाहेबांच्या आठवणींत दोन्ही गोष्टी आहेत. आंबेडकर आडनावाचे मास्तर मधल्या सुट्टीत आपल्यातली भाजी-भाकरी त्यांना द्यायचे, आणि त्या जेवणाची गोडी ते शेवटपर्यंत विसरले नाहीत. पण त्यांनी हेही सांगितलंय की वर्गात स्वतःचं तरट घेऊन वेगळं बसावं लागायचं, आणि शिपायानं वरून ओतलं तरच पाणी मिळायचं. शिपाई नसला तर पाणी नाही. भाकरी देणारा मास्तर होता म्हणून तरट गेलं नाही. ते जायला कायदा लागला, चळवळ लागली, संविधान लागलं.

म्हणून माझं म्हणणं, दयाळूपणाचे किस्से सांगताना हक्काचं बोट सोडू नका. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ वर आलंच आहे. कलम ४ प्रमाणं मुलाला वयानुसार वर्गात घ्यावं लागतं, कलम १७ प्रमाणं मारहाण आणि मानसिक त्रास दोन्हींना बंदी आहे. चारचौघांत "ऊसवाला" म्हणणं हा मानसिक त्रासच आहे.

बालाघाटची बाई

@हक्काची भाषा, तुमचं खरं आहे आणि मी ते मनापासून मानते. वसतिगृह वेळेत सुरू होणं हे कुठल्याही नकाशापेक्षा मोठं काम आहे. टोळ्या ऑक्टोबरात जाणार आणि वसतिगृह त्यानंतर सुरू होणार, मग मूल कुठं थांबेल? त्यासाठी आम्ही दरवर्षी ऑगस्टपासूनच पाठपुरावा करतो, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून पाठवतो.

पण कायद्यानं मूल वर्गात बसतं, त्यापुढं त्याच्याकडं कोणत्या नजरेनं बघायचं हे कुठलंच कलम सांगू शकत नाही. दाखला न मागता प्रवेश दिला आणि मागच्या बाकावर बसवून वर्षभर त्याच्याशी कुणी बोललंच नाही, तर नियम पाळला गेला आणि मूल तरीही गेलं. मला दोन्ही पाहिजे.

बदलीच्या मुद्द्यावर मात्र तुम्ही मला विचारात पाडलं. नाव पुकारण्याची पद्धत मी सुरू केली होती. आता ती माझी राहिलेली नाही, मुलांची झाली आहे. मी रजेवर असताना सहावीतल्या मुलीनं हजेरी घेतली आणि गेलेल्यांची नावंही घेतली, असं दुसऱ्या सरांनी सांगितलं. मी गेल्यावरही त्या वर्गात ती पद्धत टिकेल असं वाटतं. तरी तुमचं ऐकून आता हे समितीच्या ठरावातही घालते.

रत्नागिरीकर

शिष्यवृत्तीचं लिहितो. आम्ही शाळेत असताना वर्गात मोठ्यानं सांगायचे, "मागासवर्गीय मुलांनी उभं राहा." दरवर्षी. उभं राहिल्यावर काही मुलं मागं वळून बघायची, आणि त्या दिवसानंतर डबा खायला कोण कुणाजवळ बसतं हे बदलायचं. मी ते सोसलंय, म्हणून सांगतो की तो एक मिनिट विसरला जात नाही.

आठवीत एका सरांनी ही पद्धत बंद केली. अर्ज ते स्वतः भरायचे. शाळेच्या रजिस्टरात सगळी माहिती असतेच. कमी असलेला कागद एका पाकिटात लिहून घरी पाठवायचे. पाकिटं सगळ्याच मुलांना मिळायची, कुणाच्यात शिष्यवृत्तीचा कागद, कुणाच्यात नुसती सहलीची सूचना. आम्हाला कित्येक वर्षांनी कळलं की त्यांनी हे मुद्दाम केलं होतं.

देणग्यांच्या बाबतीतही हेच. दप्तरवाटपाचा बॅनर लावून, मुलांना रांगेत उभं करून, हातात दप्तर धरून फोटो काढतात आणि तो गावाच्या ग्रुपवर टाकतात. देणाऱ्यांना विनंती आहे, फोटो काढायचाच असेल तर दप्तरांचा काढा. मुलाचा चेहरा त्यात कशाला?

सातवीची वर्गशिक्षिका

मुलींच्या बाबतीत एक. वर्गाच्या कपाटात खालच्या कप्प्यात सॅनिटरी पॅड, एक जादा कुर्ता-सलवार आणि जुनी वर्तमानपत्रं ठेवते. वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या मुलींना एकदाच सांगते की कप्पा कधीही उघडा, विचारायचं नाही, नोंद नाही, परत द्यायचं नाही. कप्प्याला कुलूप नाही. मुलीच एकमेकींना सांगतात आणि संपत आलं की कुणीतरी चिठ्ठी ठेवते. पूर्वी त्या चार दिवसांत घरी राहणाऱ्या मुली आता येतात.

पंचगंगाकाठचा मास्तर

बालाघाटच्या बाई, एक विचारायचं होतं. तुमच्याकडनं निघताना पोरांबरोबर काय पाठवता? आमच्याकडं कार्ड घेऊन येणारी थोडीच. कित्येकदा पोराला आपल्या शाळेचं पूर्ण नावही सांगता येत नाही, मग तुमच्या शाळेत फोन करायचा तर करणार कुठं?

बालाघाटची बाई

कार्ड देतो, पण पत्र्याच्या पेटीत तळाला जातं आणि सापडत नाही, असं पालक सांगतात. यंदा असं ठरवलंय की गाड्या लागायच्या आधी प्रत्येक मुलाच्या एका वहीच्या पुठ्ठ्यावर आतून शाळेचं नाव, गाव, तालुका, वर्ग आणि माझा फोन नंबर लिहून द्यायचा, वर प्लॅस्टिक चिकटवायचं. त्याच वहीत त्या मुलाला काय चांगलं येतं हे दोन ओळींत लिहीन, गुरुजी म्हणतात तसं. तुमच्यासारख्या मास्तरांच्या हातात वही पडली की "याला काय येत नाही" इथून सुरुवात व्हायला नको.

मुकादमाचा नंबरही घेऊन ठेवते. पालकांचे फोन बंद पडतात, रिचार्ज संपतो, मुकादमाचा मात्र चालू असतो. टोळी एका कारखान्यावरून दुसरीकडं हलली तर तेही त्याच्याकडूनच कळतं.

तुमच्या परिसरातल्या शाळांचे नंबर मला व्यक्तिगत निरोपात पाठवाल का? सप्टेंबरात पालकसभा आहे. कोण कुठं जाणार हे तेव्हा बहुतेकांना माहीत असतं, उचल घेतानाच कारखाना ठरलेला असतो. म्हणजे तुमच्याकडं येणाऱ्या मुलांची नावं मी तुम्हाला दिवाळीआधीच कळवू शकेन.

पंचगंगाकाठचा मास्तर

पाठवतो. आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांचे देतो. इयत्ता पण कळवा, पुस्तकं आधीच बाजूला काढून ठेवतो. आणि कुणाबरोबर कडेवरचं भावंड येणार असलं तर तेवढं लिहा, सतरंजी लागेल.